बाबांच्या डब्यातली पुरचुंडी

आमच्या क्वार्टरातली भांडी दिवसातून दोन-तीनदा आपोआप वाजत. जबलपूरला रांझीच्या पलीकडच्या मैदानात नव्या तोफांची चाचणी चालायची. आवाज कानावर यायच्या आधी जमीन हलायची आणि फडताळातले पेले, वाट्या, पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायला लागायचे. पाहुणे दचकायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आई पोळी लाटता लाटता डावा हात मागे न्यायची आणि पेल्यांवर तळवा ठेवायची, की किणकिण थांबायची. तिला मागे वळून बघावंही लागत नसे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या ध्यानात आलं की भांडी वाजतायत आणि वाजतच राहिलीयत. आई भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडली होती. मी उठून पेल्यांवर हात ठेवला. मी तेरा वर्षांची होते, आणि आई आजारी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

वैशाखात तिचं बाळ गेलं होतं. सातवा महिना होता. मुलगा होता म्हणे. मला कोणी दाखवला नाही. घरात त्यावर बोलायचं नाही असं आपोआप ठरून गेलं. दवाखान्यातली बाटली मात्र कोनाड्यात उभी असायची, लाल औषधाची, लोखंडी चवीची. आई ती घ्यायची आणि पुन्हा पडायची. तिचे केस मूठ मूठ गळत. पाण्याची बादली उचलली की ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. आणि सगळ्यात मोठी काळजी होती ती वेगळीच. आई बाजूला बसत नव्हती.

हे हल्लीच्या मुलींना सांगावं लागतं. आमच्याकडे बाई महिन्यातले तीन दिवस मागच्या पडवीतल्या खोलीत बसायची. कशाला शिवायचं नाही, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. तिचं ताट-तांब्या वेगळं. त्या तीन दिवसांचा सगळा स्वयंपाक माझ्या गळ्यात यायचा, त्यामुळे मला त्या प्रथेचा भयंकर राग होता. आजही आहे. पण त्या वर्षी ज्येष्ठ गेला, आषाढ, श्रावण गेला आणि खोली रिकामीच राहिली. आई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहून बोटं मोजायची. मला वाटलं होतं मी सुटले. तिचा चेहरा पाहून कळलं की सुटण्यातलं हे नव्हतं.

भाद्रपदात माझे शाळेचे बूट फाटले म्हणून ती मला सदर बाजारात घेऊन गेली. तिथे एका चिनी जोडप्याचं बुटांचं दुकान होतं. छावणीतल्या साहेबांचे बूट तिथेच शिवले जायचे. चिनी नवरा कागदावर पाऊल ठेवायला सांगायचा, पेन्सिलीने कड काढायचा आणि गप्प बसून काम करायचा. बोलायचं काम बायकोचं. ती कलकत्त्याची, नाव मेई; आई तिला मेईबाई म्हणायला लागली. माझं पाऊल कागदावर होतं, तेवढ्यात आई बाकावरच कलंडली. मेईबाईने तिला टेकवून बसवलं, गरम पाणी पाजलं आणि तिची दोन्ही मनगटं एकदम धरून किती तरी वेळ डोळे मिटून बसली. मग सरळ विचारलं, "बच्चा गया?"

आईने मान हलवली.

"फिर खून नहीं आया?"

दुकानात मी होते, नवरा होता, एक गिऱ्हाईक होतं. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी तिने पुन्हा मान हलवली. चार महिन्यांत तिला इतकं सरळ कोणी विचारलंच नव्हतं, आणि ती तिथेच, चामड्याच्या वासात, पदर तोंडाला लावून रडायला लागली. मेईबाईने तिला रडू दिलं. मग आतून पत्र्याचा डबा आणला. डब्यात कुठल्याशा मुळाच्या पातळ चकत्या होत्या, साईच्या रंगाच्या, कडेला तपकिरी. वास असा आला की मी नाक मुरडलं आणि लगेच पुन्हा वास घेतला. ओव्यासारखा तिखट आणि त्याखाली गुळासारखं काहीतरी. "तांग-क्वै," ती म्हणाली. तिच्या देशात प्रत्येक आई आपल्या मुलीला हे देते, तिच्या आईने तिला दिलं होतं. मुर्गी घ्यायची, आलं घालायचं, तीन तास उकळायचं आणि पाणी प्यायचं. खून येईल त्या दिवशी बंद करायचं.

"मुर्गी?" आई रडणं विसरली. "हम लोग मुर्गी नहीं खाते."

"अंडा?"

"नाही. नहीं."

मेईबाईने आमच्या दोघींकडे अशा कळवळ्याने पाहिलं की जणू आमचा अशक्तपणा कुठून येतो याचा उलगडा तिला आत्ता झाला. "तब दाल," ती उसासा टाकून म्हणाली. "लेकिन मुर्गी अच्छा."

अशा रीतीने आमच्या घरात दोन डाळी शिजायला लागल्या. मोठ्या पातेल्यात सगळ्यांचं तुरीचं वरण, आणि छोट्या पितळी पातेल्यात आईची मुगाची डाळ, आलं, तूप आणि चिनी चकत्या घालून, पळीने घोटून दाट केलेली. मेईबाईचं मूळ जबलपुरात येऊन असं शाकाहारी झालं. बाबांना सगळं माहीत होतं. बाबा तोफांच्या कारखान्यात चेकर होते. तयार झालेल्या भागांची मापं घ्यायची आणि सुताचा फरक असला तरी परत पाठवायचा, हे त्यांचं काम. घरीही तोच स्वभाव. खोटं त्यांना सुतभरही बोलता येत नसे. त्यांनी एक चकती उजेडात धरून पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, "चलो, देखते हैं." महिन्याभरात आईचे केस गळायचे थांबले. एका सकाळी भांडी वाजली आणि मी उठायच्या आत तिचा हात मागे गेला होता. मी मागे पडवीत जाऊन थोडी नाचले.

माझे बूट दिवाळीला मिळायचे होते. ते मिळाले नाहीत, कारण तेवढ्यात चीनशी लढाई सुरू झाली.

कारखान्याचा भोंगा तोपर्यंत दिवसातून ठरलेल्या वेळी वाजायचा, आता केव्हाही वाजू लागला. बाबांना रविवारची सुटी राहिली नाही. क्वार्टरातल्या सगळ्या बायका अंगणात खाटा टाकून जवानांसाठी लोकर विणत बसायच्या, आणि दोन टाक्यांमध्ये बातम्या सांगायच्या. कोणी म्हणे कलकत्त्याकडे चिन्यांना गाड्यांत भरून कुठेतरी नेलं. कोणी म्हणे सदरचा चिनी दर आठवड्याला ठाण्यावर हजेरी देतो. कारखान्यात फर्मान निघालं की चिनी माणसाशी कोणाचा काही संबंध असेल तर कळवावं. बाबा त्या दिवशी घरी आले ते बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"ते टाकून दे," ते म्हणाले. "आणि सदरला जायचं नाही आता."

"पोरीचे बूट?" आईने विचारलं.

"राहू दे बूट. मी तोफेच्या कारखान्यात काम करून राहिलो अन् घरात चिनी औषध, कोणी ऐकलं तर काय म्हणतील? अठरा वर्षांची नोकरी आहे माझी."

आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "टाकलं." मीही ते खरं मानलं. मी कापडी बुटांत शाळेत जात राहिले आणि मनातल्या मनात चीनवर रागावत राहिले, बुटांपायी.

कार्तिकातली ती सकाळ. बाजारात शिंगाडे आले होते, पहाटे शेगडीपासून हलावंसं वाटू नये इतकी थंडी. आईने आपली मुगाची डाळ करून छोटं पातेलं उतरवून ठेवलं होतं, तुरीचं वरण नुकतंच चढवलं होतं. मी दात घासत होते. एकाएकी तिने हातातली पळी खाली ठेवली आणि काही न बोलता स्वयंपाकघरातून बाहेर पडली. पडवीतल्या खोलीचं दार लागलं. मग आतून तिचा आवाज आला, कसा तरीच, हसू दाबल्यासारखा. "शालू, मी बाजूला बसली आहे. तू सांभाळ आता."

सहा महिन्यांनी! मी ब्रश तोंडात तसाच ठेवून "अच्छा!" म्हणून ओरडले. मला आनंद झाला होता आणि घाबरायलाही झालं होतं, कारण पहिला भोंगा होऊन गेला होता आणि बाबांचा डबा भरायचा होता. पोळ्या झालेल्या होत्या. तूर बघितली तर दाण्यासारखी टणक. बाबा दारात सायकल पुसून राहिले होते. मग मी माझ्या अकलेप्रमाणे केलं: छोटं पातेलं उचललं आणि सगळी मुगाची डाळ डब्यात उपडी केली. आईला मी नंतर दुसरी देईन, असा विचार केला. बाबा डबा अडकवून गेले.

आईला आंघोळीचं पाणी द्यायला गेले तेव्हा दुसरा भोंगाही होऊन बराच वेळ झाला होता. ती दाराआडून म्हणाली, "माझी डाळ आज राहू दे, आजपासून ती घ्यायची नाही. गाईला घाल."

"ती बाबांच्या डब्यात दिली. तूर कच्ची होती ना."

आत तांब्या खाली आपटल्याचा आवाज आला.

"सगळी?"

"पातेलंच उपडं केलं."

"अन् पुरचुंडी?"

"कसली पुरचुंडी?"

दार उघडलं. आई उंबऱ्यात उभी होती, केस मोकळे, चेहरा पांढरा. चकत्या तिने टाकल्याच नव्हत्या. बाबांना दिसू नयेत म्हणून मलमलच्या चिंधीत दोऱ्याने बांधून डाळीत सोडायची आणि जेवायच्या आधी काढून घ्यायची. आज काढायच्या आतच तिला बाहेर व्हावं लागलं, आणि परत आत येऊन पातेल्याला हात लावणं तिला शक्य नव्हतं. मला सांगावं तर ती चोरी माझ्यापासूनही लपवलेली. म्हणजे लढाईच्या दिवसांत, जिथे बारूद कापडी पिशव्यांत भरतात त्या कारखान्याच्या फाटकावर, जिथे डबे उघडून बघू लागले होते, तिथे बाबा दोऱ्याने बांधलेली एक पुरचुंडी घेऊन गेले होते. त्यांना तिचा पत्ताही नव्हता.

"चप्पल घाल," आई म्हणाली.

"तू? तू तर बाजूला..."

"चप्पल घाल म्हटलं ना!"

आणि ती सरळ स्वयंपाकघरातून, शेगडीजवळून, पाण्याच्या हंड्याजवळून चालत बाहेर पडली. मी असं कधी पाहिलं नव्हतं. फाटक दीड मैलावर होतं. उन्हाळ्यात जिला बादली उचलवत नव्हती ती बाई पुढे आणि मी मागे पळत. अर्ध्या रस्त्यात माझ्या कुशीत कळ आली, तिला नाही. बायका लोकर घेऊन बाहेर बसायला लागल्या होत्या. "कहाँ चलीं दीदी?" असं कोणी तरी विचारलंही, तिने मान वळवली नाही.

फाटकाच्या बाजूला पहारेकऱ्यांची खोली होती. बाबा आत बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. समोर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर उघडलेला डबा आणि डाळीने पिवळी झालेली पुरचुंडी. मागे बिष्ट जमादार उभे होते. पलटणीतून निवृत्त झालेला अल्मोड्याकडचा माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज असा की भोंगा बंद पडला तरी काम भागावं. त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं ते तक्रारीच्याच सुरात. बाबूजींना तीन वेळा विचारलं की हे काय आहे, बाबूजी तोंड उघडत नाहीत. नऊ वाजता साहेब येतील. तोपर्यंत कळलं नाही तर कागद लिहावा लागेल. आणि एकदा कागद लिहिला की मग आपल्या हातात काही नाही.

बाबा का बोलत नव्हते ते मला लगेच कळलं. पुरचुंडी उघडली तेव्हाच त्यांनी वास ओळखला होता. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, कदाचित आणखी काही होणार, आणि खोटं त्यांना येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ होत आले होते.

"बैठिए बहनजी," जमादार म्हणाले.

"नाही, मी इथंच ठीक," आई म्हणाली. ती उंबऱ्याबाहेर होती. दीड मैल सगळं सोवळंओवळं तुडवत आली, पण दुसऱ्याच्या उंबऱ्यावर तिचे पाय अडले. तिने पदर डोक्यावर ओढला आणि हिंदीत म्हणाली, "वो मेरी दवा है, जमादारजी. औरतों की दवा. इनको मालूम नहीं था. लड़की ने गलती से डाल दी."

जमादारांच्या मिशा हलल्या. कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याला त्यांनी बाहेर पिटाळलं. मग थोडं बाजूला बघत, अवघडून, त्यांनी दोरा सोडला, एक चकती काढली, मोडली आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरली. पुन्हा एकदा धरली.

"अरे," ते म्हणाले, "यह तो गंदरायण ठहरी!"

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"हमारे पहाड़ की जड़ है. दाल में पड़ती है. मेरी माँ डालती थी." त्यांनी बोटाच्या टोकावर थोडी डाळ घेतली आणि चाखली. मग डब्याच्या झाकणातच थोडी काढून घेतली आणि उभ्यानेच पोळीच्या तुकड्याशी खाल्ली. माझ्या डोळ्यांपुढे घड्याळाचा काटा आणि त्यांचा जबडा, दोन्ही हलत होते. "नमक कम है," ते मला म्हणाले.

आईने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ही सांगते. पण ती एवढंच म्हणाली, "दाल में ही डाली थी." तेही खरंच होतं.

जमादारांनी डबा बंद केला, बाबांच्या हातात दिला, पुरचुंडी वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या पायांपाशी, उंबऱ्यावर ठेवली. "बाबूजी, इतनी सी बात थी, बोल देते. जाइए, काम पर जाइए." बाबा उठले, आईकडे एकदा पाहिलं आणि आत गेले. त्यांच्या अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यांच्या नावापुढे उशिराचा शेरा पडला. परत येताना आई इतकी सावकाश चालली की शिंगाडे विकत घेऊन, सोलून, खातखात आलो. ती मध्येच थांबून मोठा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "अच्छा झालं बाई. अच्छा झालं." मी तर रस्त्यातच ठरवून टाकलं होतं की यापुढे डाळीत मीठ दोनदा चाखायचं.

संध्याकाळी बाबा आले आणि पडवीत, बंद दाराबाहेर, पाट घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात कान लावून.

"टाकलं म्हणाली होती तू," बाबा म्हणाले.

"म्हणाली होती."

"मग काहून नाही टाकलं?"

आतून उत्तर आलं. "मला बरं वाटून राहिलं होतं."

बाबांनी पाट दाराजवळ सरकवला.  मग एकदम ते म्हणाले, "पण तू आत कशाला बसली आहेस?" आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. दिवसभर त्यांच्या डोक्यात फक्त पुरचुंडी होती, त्यामागचं कारण आता शिरलं. "अरे! म्हणजे... अरे!" माझे बाबा, मापाचे चेकर, पाटावर बसून हसायला लागले. आत आई हसत होती. दोघांच्या मध्ये लाकडी दार. मला ते हसणं अजून ऐकू येतं, आणि त्या दाराचा रागही अजून येतो.

माझी नात डॉक्टर आहे. तिला हे सांगितलं तर म्हणते, आजी, विश्रांती मिळाली, तूप-डाळ पोटात गेली, वेळ गेला, पाळी आपली आपण आली असेल; आणि असली मुळं कुणी अंदाजाने घेऊ नयेत, रक्तावर भलता परिणाम होतो. बरोबर असेल तिचं. मी वाद घालत नाही. पण आईला सरळ प्रश्न विचारून रडू देणारी पहिली बाई मेईबाई होती, हे मी नातीला दर वेळी पुन्हा सांगते, आणि ती दर वेळी मान हलवते.

लढाई थांबली. थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी बिष्ट जमादार आमच्या दारात उभे. गावाहून सुटी संपवून आले होते आणि हातात कागदाची पुडी होती. "बहनजी के लिए. असली, हमारे जंगल की." आईने चहा टाकला. बाबांना रविवारची सुटी पुन्हा मिळू लागली होती, ते घरीच होते. पुडी उघडली. वास तोच, पण मूळ वेगळंच. बारीक, वळलेलं, मातीसारखं काळपट तपकिरी. साईच्या रंगाची चकती कुठे आणि हे कुठे! आई पुडीकडे बघत राहिली. बाबांच्या कपाळावर घाम आला.

जमादारांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "हमारी तो काली ही होती है," ते सहज म्हणाले. "मैं भी बर्मा तक गया हूँ, बहनजी. सब जड़ें देखी हैं." मग त्यांनी चहा संपवला, साखर बरोबर आहे म्हणाले, माझ्याकडे बघून "और नमक?" असं विचारलं आणि सायकलवर बसून गेले.

बाबा दारातच उभे राहिले, सायकल वळणापलीकडे जाईपर्यंत. "त्याला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पहिल्यापासून." आईने पुडीची घडी घातली आणि मिसळणाच्या डब्यात ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर बाबा घरी न येता सदरला गेले, अंगावर कारखान्याचे खाकी कपडे, भर बाजारातून. दुकानाची फळी अर्धी लावलेली होती. चिनी नवरा वाळला होता, पण बसला होता आपल्या जागी. हजेरी अजून द्यावी लागते, एवढंच तो म्हणाला. माझे बूट दिवाळीपासून तयार होते. मेईबाईने ते फडक्यात गुंडाळून ठेवले होते आणि अधूनमधून काढून पॉलिशही केलं होतं. तिने बूट टेबलावर ठेवले, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चार गिऱ्हाइकं उभी असताना विचारलं, "बहनजी को खून आया?"

जन्मात तो शब्द बाबांनी कुठल्या बाईसमोर उच्चारला नव्हता. "मग काय म्हणालात?" आईने विचारलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो, आई पोळ्या लाटत होती.

"काय म्हणणार," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "म्हटलं, आया. हर महिने आता है. आपकी मेहरबानी."

तेवढ्यात जमीन हलली आणि भांडी किणकिणली. आई हसण्याच्या भरात होती, तिला हात मागे न्यायचं सुचलंच नाही. बाबांनी पुढे होऊन पेल्यांवर तळवा ठेवला.

"बूट घाल ना," ते मला म्हणाले. "बसले का बरोबर?"

सहा महिन्यांत माझं पाऊल वाढलं होतं. अंगठा पुढे दबत होता, टाच घुसता घुसत नव्हती. "एकदम बरोबर," मी म्हटलं, आणि माप घेण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या माझ्या बाबांनी वाकून अंगठ्याची जागा चाचपली, वर माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावून ते पास केले.